वाकेन पण फुटणार नाही

शिरूरला मार्च संपत आला की ज्या नळावर निळी टिकली असते त्यातून चटका बसेल असं पाणी येतं, आणि ज्याच्यावर लाल टिकली असते त्यातून गार. मृग बरसेपर्यंत हेच चालतं. निळ्या टिकलीचं पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून निघून, पश्चिमेच्या भिंतीवर उघड्या पडलेल्या पाइपातून दुपारभर ऊन खात उतरलेलं असतं. लाल टिकलीचं येतं गिझरमधून, आणि गिझर होळीलाच बंद केलेला असतो. आतली उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या पोटात जे जाड अस्तर भरलेलं असतं, ते बाहेरची उष्णता आतही येऊ देत नाही. रात्री भरलेलं पाणी दुपारी दोनलाही गार राहतं. त्यामुळे मे महिन्यात आमच्याकडे गिझर हे पाणी थंड ठेवण्याचं यंत्र आहे. साठा तेवढा बेताचा. पहिल्या बादलीचा मान घरातल्या ज्येष्ठांचा, दुसऱ्याच्या वाट्याला कोमट, आणि तिसऱ्याने अंघोळ संध्याकाळवर ढकलायची.

पाहुण्यांना हे आधी सांगून ठेवावं लागतं. नाही सांगितलं तर बाथरूममधून हाक येते, "अहो, थंड पाण्याचा नळ कुठला?" आणि बाहेरून चार जण एकदम ओरडतात, "गरम पाण्याचा!"

शेजारच्या दौंडला काही वेगळं नाही. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंड जंक्शनला काढून दुसऱ्या टोकाला लावण्याची रीत वर्षानुवर्षं होती. तेवढ्या वेळात उतारू बाटल्या घेऊन फलाटावरच्या नळाकडे धावायचे. नवखे धावायचे, जाणकार रमतगमत जायचे. पाइपात दुपारभर तापलेलं पाणी आधी कुणीतरी काढून टाकल्याशिवाय नळाला हात लावण्यात अर्थ नसतो. भारतीय रेल्वेच्या इतिहासात पाण्याच्या नळावर "आधी तुम्ही, आधी तुम्ही" झालं असेल तर ते मे महिन्यात दौंडलाच.

अशा मुलखात बसून मी बर्फाळ देशांतल्या प्लास्टिकच्या पाइपांवर लिहितोय, याला कारण आमच्या आळीतले गुरुजी. त्यांच्याकडे वळण्याआधी आमच्या थंडीचा मान राखायला हवा. आमच्याकडे थंडी पडतच नाही असं म्हटलेलं कुणाला आवडत नाही. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की एसटी स्टँडवर कानटोप्या दिसतात, शेकोट्या पेटतात, आणि चहाच्या टपरीवर "आज चार होतं" अशी आकडेवारी जाहीर होते. ती कुठल्या तापमापकावरून आली हे विचारायचं नसतं. पुण्याच्या वेधशाळेच्या दप्तरी सगळ्यात कमी नोंद १.७ अंश सेल्सियस आहे, १७ जानेवारी १९३५ ची. म्हणजे सगळा जोर लावूनही जिल्ह्याचं ठिकाण शून्याला पोचलं नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी गवतावरचं दव गोठलं तर आमच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो. पाणी गोठणं ही आमच्या दृष्टीने बातमी असते, नाहीतर बर्फाच्या गोळ्याची गाडी. पाइपात पाणी गोठतं, ही कल्पनाच करता येत नाही. पाइपात आधी पाणी असतं, हीच कल्पना आम्हाला आठवड्यातले काही दिवस करावी लागते.

तर गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, आणि आळीत पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारे. सार्वजनिक नळांच्या तोट्या चोरीला जातात म्हणून त्यांच्या पिशवीत कायम एक प्लास्टिकची तोटी असते. जिथे धार वाहताना दिसेल तिथे ते ती बसवतात, आणि आपण थोडे पुढे गेल्यावर ती पुन्हा चोरीला जाणार हे माहीत असल्यामुळे दुसरी विकत घ्यायला दुकानाकडे वळतात. नळ चालू ठेवून दात घासणारा माणूस त्यांच्या लेखी व्यसनी. कुणी नळी लावून अंगण धुताना दिसलं की ते काही बोलत नाहीत, नुसते उभे राहतात. ते उभे राहणं लोकांना सहन होत नाही.

त्यांचा मुलगा कॅनडात विनिपेगला असतो. २०१४ च्या हिवाळ्यात गुरुजी आणि काकू तिकडे होते. शहाणी माणसं जून-जुलैत जातात, पण सुनेचं बाळंतपण हवामान बघून येत नाही. बाहेर उणे तीस, आणि त्या वर्षी थंडी इतकी मुरली की रस्त्याखालून घरात येणाऱ्या पाण्याच्या लाइनीच गोठायला लागल्या. तिकडे लाइन सात-आठ फूट खोल टाकतात, कारण तितक्या खोलवर गोठण पोचत नाही असा अनुभव. त्या हिवाळ्यात ती पोचली. शहराच्या पालिकेने हजारो घरांना कळवलं की थंड पाण्याचा एक नळ रात्रंदिवस उघडा ठेवा, आणि पेन्सिलीएवढी धार सोडा. जादा पाण्याचे पैसे लागणार नाहीत.

गुरुजींनी पहिल्यांदा आपल्या पिशवीतली पेन्सिल काढून धारेला लावून पाहिली. धार जाड होती. त्यांनी नळ आवळला. मुलाने तो पुन्हा सैल केला.

"बाबा, बंद करायचा नाहीये तो. पालिकेनं सांगितलंय."

"पालिका नळ बंद ठेवा म्हणते. उघडा ठेवा म्हणणारी पालिका मी जन्मात पाहिली नाही. पत्र दाखव."

पत्र दाखवलं. गुरुजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं. त्यावर शिक्का नव्हता, त्यामुळे त्यांना ते पत्र वाटेना.

त्या रात्री घरात सगळे झोपले, बाळसुद्धा झोपलं, गुरुजी जागे. स्वयंपाकघरातून धारेचा आवाज येत होता. शिरूरमध्ये हा आवाज म्हणजे एकतर पाणी आलं, उठा. नाहीतर कुणीतरी नळ उघडा ठेवला, उठा. झोपा असा त्याचा अर्थ त्यांना लागेना. ते उठले आणि नळाखाली बादली लावली. ती भरली. मग पातेलं लावलं. मग त्या घरातली जेवढी म्हणून भांडी होती, ती रात्री दोन वाजता पाण्याने भरून ओट्यावर, ओट्याखाली आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने उभी राहिली. घरात झाडं दोन, दोन्ही कुंडीतली. त्यांना पाणी घालून झालं. आंघोळीचा टब भरून झाला. लादी पुसायला घेतली तेव्हा काकू उठून आल्या.

"अहो, काय चाललंय? उद्या पाणी नाहीये का?"

"उद्या पण आहे," गुरुजी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जी हतबलता होती ती काकूंनी त्यांच्या पेन्शनचं काम अडलं होतं तेव्हाच फक्त ऐकली होती.

दुसऱ्या दिवशी मुलाने त्यांना तळघरात नेऊन सगळं समजावून दिलं. गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकतो आणि फ्रीजरमध्ये काचेची बाटली फोडून त्याची खात्री करून घेतो. पाइप मात्र बहुतेक वेळा बर्फ झालेल्या जागी फुटत नाही. बर्फाचा गोळा वाढत जातो, तो पुढचं पाणी बंद नळाकडे रेटतो. त्या पाण्याला जायला जागा नसते, दाब वाढत राहतो, आणि मग जिथे पाइप कच्चा असेल तिथे तो जातो. नळ थोडा उघडा असला की दाबाला वाट मिळते. शिवाय खोल जमिनीतलं, जरा ऊबदार पाणी सारखं वाहत राहिलं तर ते वाटेत गोठायला थांबत नाही. गुरुजींनी ऐकून घेतलं. वर्गातल्या मुलाने बरोबर उत्तर दिलं तर "बस खाली" म्हणतात तसं मानेने सुचवलं. पण त्या रात्रीही बादली लावलीच.

तळघरात त्यांना आणखी एक दिसलं. लाकडी फळ्यांमधून लाल आणि निळ्या बोटभर जाडीच्या नळ्या कोपऱ्यावर वळून, खांबाला वळसा घालून, वर छतात शिरत होत्या. ना एल्बो, ना सॉकेट, ना युनियन. गुरुजींना वाटलं वायरिंग आहे. मुलगा म्हणाला, "पाणी आहे बाबा. लाल गरम, निळं थंड. हा पाइप वाकतो. चुकून आत गोठलं तरी बर्फाबरोबर थोडा ताणतो, बहुतेक वेळा फुटत नाही. लोखंडाचा असता तर उभा चिरला असता."

याला तिकडे पेक्स म्हणतात. त्याची कुळकथा थोडक्यात सांगतो, कारण ती गमतीची आहे. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडात आयसीआय कंपनीच्या नॉर्थविचच्या प्रयोगशाळेत दोघे रसायनशास्त्रज्ञ एथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन भलतंच काहीतरी करायला गेले. ते झालं नाही, भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा थर मात्र सापडला. ते पॉलिथिन. आज आपल्या उकिरड्यावर जे उडतं, ते मूळचं असं चुकून जन्माला आलेलं आहे, यावर विश्वास ठेवायला जड जात नाही. पुढे १९५३ मध्ये जर्मनीच्या कार्ल झीग्लरने कमी दाबात त्याहून कणखर पॉलिथिन करून दाखवलं आणि १९६३ चं नोबेल इटलीच्या नाट्टाबरोबर वाटून घेतलं. त्यातून आपला काळा पाइप झाला. पण या पॉलिथिनची एक खोड आहे, तापलं की ते ढिलं पडतं. ताटातल्या शेवया झाऱ्याने ढवळल्या की जशा एकमेकींवरून निसटतात, तसे त्याचे लांबलचक रेणू निसटतात. १९६८ मध्ये थॉमस एंगेल नावाच्या जर्मन माणसाने त्या शेवयांना जागोजागी एकमेकींशी गाठी मारायची युक्ती काढली, आणि १९७२ पासून स्वीडनमध्ये त्याचे पाइप व्हायला लागले. गाठी मारलेलं पॉलिथिन गरम पाणी सोसतं, गारठा सोसतं आणि ताणलं तर पुन्हा मूळ आकाराला येतं. तिकडचे प्लंबर त्याचं तोंड अवजाराने ताणून मोठं करतात, त्यात पितळेचा जोड घालतात, आणि पाइप आपणहून आकसून तो घट्ट धरतो. कुठे मुडपला तर गरम हवा मारायची, सरळ होतो. याला ते लोक पाइपची स्मरणशक्ती म्हणतात.

स्मरणशक्ती आमच्याही पाइपला आहे. काळ्या पाइपचं बंडल दुकानातून आणून शेतात उलगडलं, दोन्ही टोकांना दगड ठेवले, ऊन-पाऊस-ट्रॅक्टर सगळं त्याच्यावरून गेलं, तरी दगड काढला की तो गुंडाळी व्हायला निघतो. आपण कोण होतो हे इतकं पक्कं लक्षात ठेवणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. माजी सरपंच सोडले तर.

गुरुजींच्या पिढीचा पाइप वेगळा. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, ज्याला सगळे जीआय म्हणतात. "मोडेन पण वाकणार नाही" हे वाक्य मराठी माणसाने अभिमानाने भिंतीवर लावलं, आणि भिंतीच्या आत त्याच स्वभावाचा पाइप घातला. तो वळवायचा तर कापावा लागे, आटे पाडावे लागत, एल्बो लावावा लागे. आट्यांवर सुताचे धागे गुंडाळायचे, वर सफेदा फासायचा, आणि मग दोन माणसांनी दोन पाइप-पान्यांवर विरुद्ध दिशेने लोंबकळायचं. इतकं करून वीस-पंचवीस वर्षांनी आतून गंज आणि क्षार धरून त्याचं भोक इतकं बारीक व्हायचं की नळातून यायची तीच पेन्सिलीएवढी धार. विनिपेगला त्यासाठी पालिकेचं पत्र लागलं, आमच्याकडे ते आपसूक होत होतं.

मग असा वाकणारा पाइप इकडे का नाही? गुरुजींनीही परत आल्यावर हाच प्रश्न आळीत विचारला. त्याचं उत्तर डोक्यावर आहे. पेक्सला थंडी चालते, ऊन चालत नाही. थेट उन्हात काही महिने राहिला की त्यातलं रसायन बिघडतं, तो ठिसूळ होतो. म्हणून तिकडचा पाइप भिंतीच्या आत, गादीसारखं वेष्टन भरलेल्या पोकळीत, अंधारात जन्म काढतो. आमच्याकडे पाइप भिंतीच्या आत घालायचा म्हणजे भिंत फोडायची, आणि भिंत फोडायची म्हणजे घरमालकाशी बोलायचं. त्यापेक्षा बाहेरून लोंबता सोडलेला बरा. जो ऊन सोसू शकत नाही त्याने शिरूरला बदली मागू नये. आमच्या काळ्या पाइपात दोन-अडीच टक्के काजळी घातलेली असते, कार्बन ब्लॅक. ती उन्हातले घातक किरण स्वतः पिते आणि पाइपला वाचवते. त्याची किंमत पाणी चुकतं करतं, ते तापतं. काजळाची तीट लावून माणसांना दृष्टीपासून जपतात हे मला ठाऊक होतं, पाइपलाही जपतात हे कळल्यावर बरं वाटलं.

हा काळा पाइप म्हणजे तालुक्याचा खरा नागरिक. घोड नदीच्या काठाने चालत जा, पाण्यात बुडालेल्या मोटारींवरून निघालेले पाइप एकमेकांवर चढून, एकमेकांखालून जाऊन, कुणाच्या बांधावरून, कुणाच्या तोंडावर, कांद्याच्या आणि उसाच्या रानाकडे निघालेले दिसतात. आपला कुठला हे ज्याला त्याला ठाऊक असतं. कुणी लाल चिंधी बांधतो, कुणी रंगाचा पट्टा मारतो. नदी आटत गेली की मोटर डोहाच्या मागे सरकत जाते आणि पाइप लांबत जातो. लग्नाच्या बोलणीतही पाइप असतो. "बागायत किती?" झालं की पुढचा प्रश्न, "नदीवरून लाइन आहे, का नुसतं बोअरवर?" नदीवरून स्वतःची लाइन असलेल्या मुलाचं टक्कल मुलीकडच्यांना दिसत नाही, असं आमच्याकडचं निरीक्षण आहे.

आणि हे आजचं नाही. याच घोडच्या काठी, शिरूर तालुक्यातच इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, हसमुख सांकलिया आणि मधुकर ढवळीकर यांच्या काळात, १९६८ पासून तिथे अनेक वर्षं उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाण युगातली वस्ती निघाली, गोल-चौकोनी घरं, रांजणातली दफनं, आणि या सगळ्याबरोबर एक बांध आणि नदीचं पाणी वळवून आणणारा पाट. म्हणजे घोडचं पाणी आपल्या रानात आणायची खटपट या भागात लोखंडाच्याही आधीची आहे. पाट कुणाच्या बांधावरून गेला आणि त्यावरून काय झालं, ते मातीत उरत नाही. पण मला विचाराल तर इनामगावात ज्याचं घर पाटाच्या तोंडाशी होतं आणि ज्याचं शेवटाला होतं, त्या दोघांचं बोलणं बंद असणार.

पाइपला पाइप जोडणं हा इकडचा सोहळा आहे, आणि तो कुठल्याही पुस्तकात नाही. रानात पांढरा-करडा पीव्हीसी असेल तर उसाच्या पाचटाचा जाळ करायचा. पाइपचं टोक त्यावर फिरवत राहायचं, सारखं, एका जागी थांबलं की करपतं. करवतीने कापलेली कड जरा लवते, वास येतो, मग एकजण "आता!" म्हणून ओरडतो. हाताला धुडकं गुंडाळलेला दुसरा ते मऊ टोक सोल्युशन लावलेल्या दुसऱ्या पाइपवर एका दमात कोंबतो. तिसरा ओलं फडकं दाबतो. चर्र होतं. वरून ट्रकच्या ट्यूबची पट्टी कापून ताणून गुंडाळायची, तार आवळायची. मग बांधावरून आरोळी जाते, "चालू कर!" मोटर सुरू होते. पाइपातून हवा फसफसत येते, सगळे त्या जोडाकडे बघत उभे. आणि एक बारीक, तिरपी, चकाकती पिचकारी नेमकी ज्याने "आता!" म्हटलं होतं त्याच्या डोळ्यात.

यावर घाबरायचं नसतं. "राहू दे, माती बसली की बंद होईल," असं सांगणारा अनुभवी गडी कायम हजर असतो. गळका जॉइंट दुरुस्त करण्यापेक्षा त्याखाली अळू लावण्याकडे आमचा कल. वडीची पानं मोठी झाली की तो जॉइंट दुरुस्त करायला बायका हरकत घेतात.

आता शत्रूंविषयी. तिकडे पाइपला एकच भीती, थंडी. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत टेक्सासला अवचित बर्फाची लाट आली, तेव्हा गरम मुलखाच्या हिशेबाने बांधलेल्या त्या घरांतले पाइप फटाफट फुटले आणि छतांमधून पाणी कोसळलं. लेहला तर आपल्याच देशात जलजीवन मिशनचे पाइप ऊबदार वेष्टनात गुंडाळून खोल पुरावे लागतात. आमच्याकडे शत्रू अनेक. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर, इंटरनेटची केबल टाकणारा जेसीबी, शेजाऱ्याची नियत, आणि खार. ठिबकच्या नळीत पाणी आहे हे खारीला कोण सांगतं कळत नाही. दहा फुटांवर ड्रिपरखाली ओल असते, तिथे ती जात नाही. नळीला कान लावते, बसते, आणि नेमकं भोक पाडते. उंदीरही पाडतो. उंदराच्या बाबतीत मात्र विनिपेग आणि शिरूर एका पातळीवर येतात; पेक्सही तो तितक्याच आवडीने कुरतडतो. गुरुजींच्या मुलाने हे सांगितलं तेव्हा गुरुजींना परदेशाविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली.

एका बाबतीत तर निसर्गाने दोन्हीकडे तोच हिशेब लावलाय. डिसेंबरात शेतीची थ्री-फेज वीज अनेकदा रात्रपाळीला असते. उसात बिबट्या असेल-नसेल, पण पाणी द्यायला जावंच लागतं. पहाटे चारला कांद्याच्या वाफ्यात दारं धरताना पायाची बोटं बधिर होतात. अशा वेळी बोअरवेलची मोटर सुरू केली की पाइपच्या तोंडातून वाफ निघते. पाणी चक्क कोमट असतं. माणसं त्या धारेखाली हात धरून उभी राहतात, तोंड धुतात, एखादा पाय सोडून बसतो. जमिनीखाली काही हात गेलं की हिवाळा-उन्हाळा पोचत नाही, बारा महिने एकच ऊब. आठ फूट खणून विनिपेगचे लोक जी ऊब गाठतात, ती आमच्याकडे चारशे फुटांवरून पंपाने वर येते. आम्ही तिच्यासाठी खणलेलं नसतं, पाण्यासाठी खणलेलं असतं, ऊब फुकट.

आणि तिकडचं सगळंच आलबेल असतं असं नाही. पेक्स रुळण्याआधी अमेरिकेत पॉलिब्युटिलीनचा असाच वाकणारा, स्वस्त, करड्या रंगाचा पाइप १९७८ पासून लाखो घरांत घातला गेला. पाण्यातल्या क्लोरीनने तो आतून झिजला, जोड सुटले, घरं भिजली. खटले झाले, १९९५ मध्ये जवळपास एक अब्ज डॉलरांची तडजोड झाली आणि तो पाइप बाजारातून गेला. आमच्याकडे हे प्रकरण दुकानाच्या काउंटरवरच संपलं असतं. "पाइप चांगलाच होता हो, तुमच्याच पाण्यात क्षार फार," असं ऐकवून दुकानदाराने वर ॲसिडचा कॅन विकला असता.

मागच्या वर्षी गुरुजींचा मुलगा आला तेव्हा त्यांच्या आग्रहावरून वीतभर लाल पेक्स घेऊन आला. गुरुजी तो खिशात घालून आळीतल्या प्लंबरकडे गेले. प्लंबर त्यांचाच विद्यार्थी, त्यामुळे आधी उठून उभा राहिला. मग त्याने तो तुकडा हातात घेतला, वाकवला, सोडला, नाकाशी नेला, दाताने चावून पाहिला. आत डोळा लावून उजेडाकडे धरला.

"भारी आहे, गुरुजी. सोल्युशन कुठलं लागतं याला?"

"सोल्युशन चिकटत नाही म्हणे."

"मग जॉइंट?"

"पितळेचा. त्याचं वेगळं अवजार असतं."

प्लंबरने काळ्या पाइपचे जोड मारायची प्लेट तापायला लावली. दोनशे अंशांच्या वर तापणारी ती प्लेट आमच्या पाइपचं टोक घटकेत लोणी करते. मग दोन टोकं एकमेकांवर दाबली की एकजीव. त्याने लाल तुकडा टेकवला. तो मऊ पडला, पण पाघळेना. उलट दाबून पाहिला, चिकटेना. थंड झाल्यावर पुन्हा होता तसा. प्लंबर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. जो पाइप सोल्युशन धरत नाही, वितळत नाही, आटे घेत नाही, आणि ज्याचा सॉकेट पुण्यापर्यंत कुणाकडे मिळायचा नाही, तो कितीही चांगला असला तरी रात्री अकराला फुटल्यावर काय करायचं, असा त्याचा प्रश्न होता. तो फुटत नाही, हे गुरुजींनी सांगून पाहिलं.

"मग आम्ही काय करायचं, गुरुजी?" तो म्हणाला.

तुकडा घरी परत आला. काही दिवस तो टीव्हीवर होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. मग एक दिवस दिसेना. गुरुजींनी शोधाशोध केली तेव्हा काकूंनी अंघोळीच्या बादलीकडे बोट दाखवलं. बादलीच्या कडीवरची प्लास्टिकची मूठ कधीचीच फुटून पडली होती, तार हाताला रुतायची. काकूंनी विळीवर तुकडा उभा चिरून कडीवर चढवला होता, आणि तो आपल्या स्वभावानुसार आकसून घट्ट बसला होता. रविवारी विनिपेगचा फोन आला तेव्हा गुरुजी जरा रुसलेलेच होते. काकूंनी फोन हातात घेऊन सांगितलं, "अरे, पुढच्या खेपेला येशील तेव्हा तो पाइप जरा लांब आण. कपड्यांच्या बादलीला पण लावायचाय, आणि शेजारच्या वहिनींनी दोन सांगितलेत."